शेजारच्या सीटचं कव्हर

गल्लीच्या तोंडाशी, नळाला लागून, एक खोली होती. तिची खिडकी कायम उघडी आणि खिडकीतून कायम वाफ. आत इस्त्रीकाकू. तिचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, तिला तरी आठवत होतं की नाही कोण जाणे. सकाळी ती जवळच्या लॉजच्या धुलाईखोलीत इस्त्रीनं चादरी दाबायला जायची, दुपारी घरी येऊन गल्लीचे कपडे दाबायची. उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगलेल्या, पण हात असा चालायचा की शर्टाची कॉलर बघून वाटावं, आत्ताच दुकानातून आणलाय.

तिचा नवरा ड्रायव्हर. एका टूरवाल्या मालकाची व्हॅन चालवायचा. सरकारनं राखलेली मोठमोठी जंगलं असतात ना, नॅशनल पार्क म्हणतात ती, तर ती एकामागून एक लोकांना दाखवत न्यायचा. मोठी फेरी म्हणायचे तिला. सीझन लागला की माणूस गेला. आला की आंघोळ करून झोपला, उठला की परत गेला. गल्लीतल्या बायकांनी त्याचं नावच ठेवलं होतं ‘पाहुणे’. काकू नळावर दिसली की विचारायच्या, “काय गं, पाहुणे आलेत का घरी?”

काकू पण काही कमी नव्हती. म्हणायची, “आलेत. चहा झालाय, आता निघतीलच.”

सगळ्या हसायच्या, ती पण हसायची. पण घागर उचलून घरात गेली ना, की ते हसू दारातच राहायचं.

पाहुणे घरी असले की एक गोष्ट मात्र ठरलेली. चादरींच्या घड्या दोघांनी घालायच्या. मोठी चादर एकट्या बाईच्या हाताला काय आवरणार? एक टोक तिच्याकडे, एक त्यांच्याकडे. मागे जायचं, ताणायचं, झटकायचं, मग पुढे यायचं आणि कोपरे तिच्या हातात द्यायचे. परत मागे. असं जवळ येत, लांब जात, पाहुणे तिला जंगलं सांगायचे. एक दरी आहे म्हणे, एवढी खोल की हाक मारली तर दरीच आपल्याला हाक मारते, आणि वर लोखंडी पूल, पाय ठेवला की थरथरतो. एक तळं आहे, पांढऱ्या पक्ष्यांचं. एका जंगलात झाडं एवढी जाड की आठ माणसांनी हात धरले तरी कवेत मावत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक कुरण. उन्हं उतरली की तिथे हरणं येतात, आणि कोणी बोलत नाही, गाडीतली पोरंसुद्धा बोलत नाहीत.

“मग?” काकू विचारायची.

“मग काय. मग घरी.”

“मला कधी नेणार?”

“नेऊ की. एकदा सवड होऊ दे.”

सवड कसली होतेय? लेक झाली, लेकीची शाळा झाली, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली. चादरी येत राहिल्या, पाहुणे जात राहिले.

आता हे नीट ऐक, कारण पुढचं सगळं यावर आहे. व्हॅनच्या सीटना पांढरी कव्हरं असायची. प्रत्येक फेरी झाली की ती धुवायला आणि इस्त्रीला काकूकडे यायची. तिला एकेक कव्हर ओळखू यायचं. खिडकीच्या कव्हरावर डोक्याच्या तेलाचा गोल डाग. सगळ्यात मागच्यावर पोरांच्या गोळ्या चिकटलेल्या. दुसऱ्या रांगेत कुणाची तरी लिपस्टिक, डुलकी लागून खिडकीकडे कलंडलेली असणार बाई. सगळ्या सीटची कव्हरं यायची. फक्त एका सीटचं कव्हर कधी आलं नाही, ड्रायव्हरच्या शेजारच्या.

तिनं एकदा विचारलं, “अहो, तिथे कोण बसतं?”

“तिथे? तिथे कोणी नाही. तिथे बर्फाची पेटी असते, थंड पाण्याच्या बाटल्यांची.”

काकूला हे लागलं. का लागलं ते तिलाही सांगता आलं नसतं. रात्रंदिवस त्यांच्या शेजारी बर्फाची पेटी, आणि मी इकडे तापलेल्या इस्त्रीपाशी. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं. जंगल दिसो न दिसो, एकदा त्या सीटवर बसून जायचं. यांच्या शेजारी, यांच्यासारखं समोर बघत.

असं करत करत पाहुण्यांचं वय झालं. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यांना फुटल्यासारखे दिसायला लागले. त्यांनी ठरवलं, हे लायसन संपलं की परत काढायचं नाही. व्हॅन पण थकली होती. पाहुणे तिला लाडानं ‘म्हातारी’ म्हणायचे. मालकानं ती कुणा माल वाहणाऱ्याला विकून टाकली. सीटा काढून आत खोकी भरणार होता तो. पण मालक मनाचा चांगला. म्हणाला, “काका, तो माणूस न्यायला येईपर्यंत गाडी तुमच्याकडेच राहू दे. आजवर दुनियेला फिरवलंत, आता काकूंना घेऊन एक मोठी फेरी मारून या.”

पाहुणे घरी येऊन म्हणाले, “ऐकलंस का, बॅग भर.”

काकूनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

लेकीला कळलं तर ती फोनवर ओरडलीच. “आई! हनिमून!”

“गप गं. कसला हनिमून. सोबत एक म्हातारी आहे.”

निघायच्या आधी काकूनं सगळी कव्हरं काढली, धुतली, कडक इस्त्री केली. आणि लॉजमधून एक विरलेली चादर मागून आणली होती, तिचं चांगलं कापड बघून एक नवीन कव्हर शिवलं. शेजारच्या सीटचं. कडेला बारीक निळी शिवण घातली. आदल्या दिवशी पाहुणे टायरची हवा बघायला गेले होते, तेवढ्यात तिनं ते चढवून ठेवलं. काही बोलली नाही. म्हटलं, बघतील तेव्हा कळेलच.

सकाळी बॅग घेऊन आली तर सीट उघडी आणि वर बर्फाची पेटी.

“अगं, एक कव्हर जास्तीचं आलं बघ,” पाहुणे म्हणाले. “पुढच्या सीटवर चढवलं होतं कुणीतरी.”

“कुणीतरी,” काकू म्हणाली.

“गाडी धुणाऱ्यानं चढवलं असणार. त्याचं डोकं कधी ठिकाणावर असतं!” आणि त्यांनी ते कव्हर गोळा करून आपल्या सीटखाली कोंबलं. मग व्हॅनचं सरकतं दार उघडलं, कमरेत वाकले आणि म्हणाले, “या बाईसाहेब. दुसरी रांग, डावी खिडकी. सगळ्यात भारी सीट. हिच्यासाठी लोक भांडतात. आज तुम्ही पाहुण्या, मी ड्रायव्हर.”

एवढ्या कौतुकानं म्हणाले की काकूच्या तोंडापर्यंत आलेलं परत आत गेलं. सांगता आलं असतं की, मला पुढे बसायचंय, संपलं. पण मागून घेतलं तर त्यात राहिलं काय? ज्या माणसानं आपणहून ओळखायचं, त्यानं ओळखावं, एवढंच तिचं म्हणणं. बसली जाऊन भारी सीटवर.

तर असे निघाले. मधे मोकळ्या सीटा, पुढे त्यांचं डोकं, मागून बघितलं तर केस किती विरळ झालेत ते दिसत होतं. आरशात त्यांचे डोळे आणि भुवया, बास. म्हातारीचं इंजिन असं खडखडायचं की एक वाक्य धड पोचत नव्हतं.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, ते बघ, डोंगर!”

तोवर डोंगर मागे गेलेला. बाजूच्या खिडकीचं असंच असतं, ज्याचं नाव घेतलं ते निघून गेलेलं असतं. वळणावर सगळ्या मोकळ्या सीटा कुरकुरायच्या आणि काकूला वाटायचं, आपण कुणाच्या तरी लग्नाला जातोय आणि वऱ्हाड मागच्या गाडीत राहिलंय.

पहिलं जंगल दरीचं. फाटकाशी पोचले तशी पाहुण्यांनी गाडी वळवून, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून, झाडाखाली लावली. उतरून सरकतं दार उघडलं. “ती बघ, आतली बस लागलीये. जा. पाणी घेतलंस?”

“आणि तुम्ही?”

“मी आहे इथेच. गाडीपाशी कुणीतरी लागतं.”

काकूला वाटलं, बरोबर आहे, यांनी ही दरी शंभरदा बघितली असणार, कंटाळले असतील. अनोळखी माणसांबरोबर बसमध्ये बसून ती गेली. दरी खरंच खोल होती.  लोक कठड्याशी उभे राहून एकमेकांच्या नावानं हाका मारत होते आणि दरी ती नावं परत देत होती. काकूला पण हाक मारावीशी वाटली. पण कुणाला? नवऱ्याचं नाव काही तिनं आयुष्यात घेतलेलं नाही. शेवटी पदर सावरून, गळ्यातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून ओरडली, “अहो!”

दरीतून आलं, “अहो… अहो…”

आजूबाजूची माणसं पोट धरून हसली. एक बाई म्हणाली, “अहो आले नाहीत का?”

“फाटकाशी आहेत,” काकू म्हणाली. “इथून ऐकू जाणार नाही.”

मग तिला लोखंडी पूल आठवला. आतल्या गाईडला विचारलं, तर तो म्हणाला, “आजी, तो पूल काढून टाकला कधीच. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधी. तुम्हाला कसा माहीत?”

तिला वाटलं, पाहुणे विसरले असतील.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत शिरल्या शिरल्या काकूनं चादर हातात घेतली. “याला इस्त्री म्हणतात? नुसतं गरम बूड फिरवलंय.” आणि पाहुणे बघतात तर काय, ती पलंग मोडून परत घालत होती.

“अगं, आपण पैसे देऊन उतरलोय इथे.”

“म्हणून काय सुरकुत्यांत झोपू? धरा ते टोक.”

धरलं त्यांनी. मागे गेले, झटकली, पुढे आले. पहिल्यांदा त्या दिवसात तेवढे जवळ आले. आणि कोपरे हातात देऊन म्हणाले, “मी जरा गाडी बघून येतो.”

“जा. लग्न माझ्याशी झालंय का त्या म्हातारीशी, ते पण बघून या.”

दुसरं जंगल तळ्याचं. तिथेही तेच. गाडी झाडाखाली, तोंड बाहेर, “मी आहे इथेच.” काकू एकटी लाकडी मचाणावर जाऊन बसली. बराच वेळ काहीच नाही. तळ्याच्या कडेनं पांढरं पांढरं दिसत होतं, तिला वाटलं फेस असेल. आणि कुठे काय वाजलं कोण जाणे, ते सगळं पांढरं एकदम उठलं. काकूचा हात आपोआप शेजारी गेला, दाखवायला. शेजारी एक परका माणूस कॅमेरा लावून बसला होता. तिनं हात मागे घेतला.

परत आली तर पाहुणे दार उघडून उभेच. गाडी सुरू केली आणि लगेच आरशात बघून विचारलं, “काय काय दिसलं?”

“पक्षी.”

“ते माहितेय गं. उडाले का? कसे उडाले? आवाज होतो का?”

काकूनं इंजिनावर आवाज चढवून सांगितलं, “आधी वाटलं फेस आहे. आणि उडाले ना एकदम, तर असं वाटलं, दोघी बायकांनी मिळून तळ्यावरची चादर झटकली!”

“वा,” पाहुणे म्हणाले. आरशातले डोळे लहान मुलासारखे झाले होते. “वा. चादर झटकली.”

त्या संध्याकाळी खाणावळीत शेजारच्या टेबलावर एक नवं जोडपं होतं. उद्या तळ्यावर जाणार होते, विचारत होते कसं आहे म्हणून. पाहुणे लगेच सरसावून बसले. “काय सांगू तुम्हाला! आधी काही दिसत नाही, वाटतं फेस आहे. आणि मग उडतात ना एकदम, तर वाटतं, दोघी बायकांनी मिळून तळ्यावरची चादर झटकली.” हातसुद्धा असे केले झटकल्यासारखे.

काकूचा घास हातातच राहिला.

तिचेच शब्द. जसेच्या तसे, फेस धरून. दोन घटकांपूर्वी दिलेले, आणि हा माणूस ते असे सांगत होता जसं काही मचाणावर हाच बसला होता. तिला एकदम पूल आठवला, काढून टाकलेला. ती जाड झाडं आठवली, आठ माणसांची कव. ती आठ माणसं एका गाडीत बसणारीच असणार. कुणीतरी परत जाताना मागून आरशात सांगितलं असणार. म्हणजे इतकी वर्षं चादरीच्या त्या टोकाहून जे येत होतं, ते सगळं दुसऱ्यांनी बघितलेलं. हा माणूस कुठे होता? हा फाटकाशी होता. झाडाखाली, तोंड बाहेर करून.

राग यायला हवा होता. आला नाही. तिनं हातातला घास परत ताटात ठेवला.

तिसरं जंगल मोठ्या झाडांचं. गाडी लागली, दार उघडलं, “जा, बस लागलीये.” काकू खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली. पाहुण्यांनी सीटखालून फडकं काढलं आणि पुढची काच पुसायला घेतली, सवयीनं.

“अहो, तुम्ही आत कधीच गेला नाहीत ना?”

फडकं काचेवर थांबलं, मग परत गोल फिरायला लागलं. “बस सुटेल तुझी.”

“सुटू दे. एकदाही नाही?”

ते काचेशीच बोलल्यासारखे बोलले. “पहिल्या वर्षी एकदा. आतल्या जीपमध्ये एक जागा उरली होती. म्हणाले, या ड्रायव्हरकाका. मी चढलो पण. आणि मनात आलं, ती तिकडे उभी राहून चादरी दाबतेय, आणि मी झाडं बघत बसू? उतरलो. म्हटलं, तिला आणू तेव्हा दोघं बघू. मग दर वेळी तेच. आणि घरी आलो की तू विचारायचीस, मग, मग? सांगू काय, फाटकाशी बसलो होतो? जे कानावर आलं ते सांगितलं. तुझं तोंड फुलायचं, मला बरं वाटायचं.”

“मग आता आलेय ना मी! आता का बाहेर?”

“आता भीती वाटते,” पाहुणे म्हणाले. “एवढं रंगवून सांगून ठेवलंय. आत गेल्यावर तू माझ्या तोंडाकडे बघशील, आणि तुला कळेल, हे पण आजच बघतायत.”

 तेवढ्यात काकूची नजर त्यांच्या हातावर गेली. फडक्याच्या कडेला बारीक निळी शिवण.

“हे काय आहे हातात?”

“हे? फडकं.”

“फडकं!” आता मात्र तिचा आवाज चढला. दोन-तीन ड्रायव्हर वळून बघायला लागले. “शेजारच्या सीटचं कव्हर आहे ते. मी शिवलंय. किडे पुसताय त्यानं!”

“त्या सीटला कव्हर लागत नाही गं,” पाहुणे गोंधळून म्हणाले. “तिथे कोणी बसतच नाही.”

“तेच म्हणतेय मी,” काकू म्हणाली. “तिथे कोणी बसतच नाही.”

आणि आत जाऊन दुसऱ्या रांगेत, डाव्या खिडकीशी, सगळ्यात भारी सीटवर बसली. शेवटची बस धूळ उडवत आत निघून गेली. झाडं काही तिनं बघितली नाहीत. पाहुणे बाहेर उभे होते, ते काळं झालेलं कापड उलट करत, सुलट करत, ती निळी शिवण बोटानं चाचपत.

 त्या दिवशी पुढे आरसा थोडा वर केलेला होता, त्यात कुणाचे डोळे दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून परतीचा रस्ता. काकू बॅग घेऊन आली, सरकतं दार ओढलं, आणि बघते तर तिच्या सीटवर बर्फाची पेटी. तीसुद्धा कशी? खिडकीशी, पट्टा बांधून.

“हे काय?”

“सगळ्यात भारी सीट आहे ती,” पाहुणे पुढून म्हणाले. “इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून कंटाळली बिचारी. बघू दे तिला पण जंगल.”

पुढचं दार उघडं होतं. सीटवर कव्हर चढवलेलं. मुक्कामाच्या नळावर धुतलं होतं, आरशाच्या दांडीवर वाळत घातलं होतं, पण पुरतं वाळलं नव्हतं. काळं गेलं नव्हतं, राखाडी झालं होतं. आणि सुरकुत्या अशा की लॉजमध्ये असतं तर काकूनं फेकूनच दिलं असतं.

“इस्त्री नाही झाली,” पाहुणे म्हणाले. “आणि ओलंय जरा. आणि हे बघ, ही सीट चांगली नाही, आधीच सांगतो. स्प्रिंग टोचते. इंजिन तापतं खालून. ऊन सरळ डोळ्यांत.”

“टोचू दे,” काकू म्हणाली, आणि चढून बसली.

टोचली पण. पण पुढची काच म्हणजे काय असते ते तिला तेव्हा कळलं. रस्ता आपल्याकडे येतो. डोंगर आधी दिसतो, मग मोठा होतो, मग त्याचं नाव घ्यायला वेळ मिळतो. आणि इंजिनाच्या एवढं जवळ बसलं की खडखडाट असला तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. पाहुणे गिअर बदलायचे तेव्हा त्यांचा हात तिच्या गुडघ्याच्या इतका जवळ यायचा. उजवा हात कोपरापर्यंत ऊन खाऊन काळा झालेला, डावा हात गोरा. इतक्या वर्षांत तिला वाटायचं, जन्मापासूनच तसा आहे.

“आता खरं सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलेलं. ऐकलेलं नको.”

“मी काय बघितलं? फाटकं.”

“मग फाटकं सांगा.”

आधी लाजले. मग सांगायला लागले, आणि थांबेचनात. दरीच्या फाटकावरचा पहारेकरी शिट्टी वाजवताना डोळे मिटतो. तळ्याच्या फाटकाशी एक लंगडी कुत्री आहे, तिला फक्त यांच्या गाडीचं इंजिन ओळखू येतं. झाडांच्या जंगलाबाहेर सावली सकाळी विहिरीकडे असते, मग सरकते, तिच्याबरोबर गाडी सरकवावी लागते. एकदा एवढा पाऊस आला की सगळे ड्रायव्हर एका गाडीत कोंबून बसले आणि प्रत्येकानं आपापल्या बायकोची नक्कल केली.

“आणि तुम्ही?”

“तू इस्त्रीच्या कपड्यावर पाणी शिंपडतेस ना, ते मी करून दाखवलं. तोंडानं फुर्र करून.”

“बाई गं!” काकू म्हणाली. “सगळ्यांसमोर?” आणि खिडकीकडे तोंड करून इतकी हसली, इतकी हसली की डोळे पुसायला तिला तेच कव्हर वर ओढायला लागलं.

मग विचारलं, “आणि एकटे असलात की?”

“एकटा असलो की सीटवर मागे रेलायचो. वाटायचं, आत्ता तू काय करत असशील. वाफ असेल. खिडकी उघडी असेल.” मग गिअर बदलला उगीचच. “बाकी काय.”

परतीच्या वाटेवर शेवटचं ते कुरण लागतं. फाटक आलं. पाहुण्यांनी सवयीनं गाडी वळवली, तोंड बाहेर करून झाडाखाली लावली. आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिले. काकू खाली उतरली, फिरून त्यांच्या बाजूला गेली, आणि दार उघडून कमरेत वाकली. “या साहेब.”

“गाडीपाशी कोण?”

“पेटी आहे की. पट्टा बांधून बसलीये.”

गेले. आतल्या जीपमध्ये शेजारी शेजारी बसले. पाहुणे ड्रायव्हरच्या मानेकडेच बघत होते, ब्रेक लागला की त्यांचा पाय दाबला जायचा. कुरणाशी जीप थांबली, उन्हं उतरली, सगळे गप्प झाले. गवत वाऱ्यानं इकडून तिकडे हलत होतं. एवढंच. एक हरीण नाही. एक शिंग नाही. वाट बघितली, बघितली, अंग आखडलं.

“हरणं असतात इथे,” पाहुणे हळूच म्हणाले.

“कोणी सांगितलं?”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं, ज्याची त्यांना एवढी भीती होती तसंच. खरंच, तोंड बघून कळत होतं, हे आजच बघतायत. तोंड थोडं उघडं, डोळ्यांत ते सगळं रिकामं गवत. काकूनं परत कुरणाकडे मान वळवली नाही. जीपवाल्यानं गाडी सुरू केली तरी ती त्यांच्या तोंडाकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी घर जवळ यायला लागलं. ओळखीचा पेट्रोल पंप, ओळखीचा पूल. पाहुण्यांनी वेग कमी केला. मागून हॉर्न वाजले, लोकांनी शिव्या दिल्या, त्यांनी हात बाहेर काढून पुढे जा, पुढे जा असं केलं. अंधाराच्या आत पोचायला हवं होतं, त्यांच्या डोळ्यांमुळे. तसं नसतं तर काकूनं सांगितलं असतं, अजून एक फेरी मारा, त्या बाजूनं, लांबून. सांगितलं नाही. उद्या तो माणूस येणार, सीटा उपसणार, ही शेजारची पण.

गल्ली आली. गाडी वळवून, तोंड बाहेर करून, नळाशी लावली. इंजिन बंद केलं. म्हातारी दोनदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि शांत झाली. पाहुणे उतरले नाहीत. काकूच्या हातात खोलीची किल्ली होती, ती पण उतरली नाही. खिडकी बंद होती, वाफ नव्हती. समोर काचेतून गल्लीचं तोंड दिसत होतं आणि त्यापलीकडे रस्ता, थोडासा, जेवढा दिसेल तेवढा.

समोरची शेजारीण घागर ठेवून धावत आली आणि काचेवर टकटक केलं. “आलात का गं! उतरा की. काय काय दिसलं?”

पाहुण्यांनी काकूकडे बघितलं.

काकूनं काच थोडी खाली केली. “सांगते,” ती म्हणाली. “जरा थांब. अजून आम्ही घरी नाही आलो.”

आणि काच परत वर केली.